नाव शिष्याचे, वाट कोणाची?

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी जगभरातील अनेक चर्चमध्ये एक जुना विधी पार पडतो. धर्मगुरू आपला वरचा झगा उतरवून ठेवतात, कमरेला पंचा बांधतात आणि समोर बसलेल्या बारा जणांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानातील एका प्रसंगाची ही आठवण आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू पंगतीतून उठला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला, असे तेथे सांगितले आहे. धुळीच्या वाटा तुडवीत आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे त्या काळी घरातल्या गड्याचे काम होते. साहजिकच पेत्र हा शिष्य संकोचला आणि त्याने नकार दिला. गुरूचे पाय शिष्याने धुवावेत, हीच जगाची रीत. येशूने ती रीत उलटी केली आणि वर सांगितले की, गुरू असून मी हे केले, तर तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत. 'माझे पाय धुवा' असे त्याने सांगितले नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. गुरूचे ऋण फेडायचे ते शेजाऱ्याकडे, असा या गुरुदक्षिणेचा प्रकार आहे.

पुढे या प्रसंगाचा विधी झाला, आणि विधी म्हटला की त्याचे नियम आले. कॅथलिक पंथाच्या नियमाप्रमाणे ज्यांचे पाय धुवायचे ते बारा जण पुरुषच असत. २८ मार्च २०१३ रोजी, पदावर येऊन जेमतेम पंधरवडा झालेला असताना, पोप फ्रान्सिस रोममधील अल्पवयीन गुन्हेगारांच्या बंदिगृहात गेले आणि तेथील बारा बंदींचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमान धर्माचेही बंदी होते. बऱ्याच भाविकांना हे भावले. काहींनी नियमभंगाची तक्रारही केली. २०१६ साली तो नियमच बदलण्यात आला. वाद मिटला, परंतु त्यामागचा प्रश्न मिटलेला नाही. येशूचे शिष्यत्व म्हणजे त्याच्या नावाने ठरलेला विधी नियमानुसार पार पाडणे, की त्या विधीच्या मुळाशी असलेली कृती स्वतःच्या आयुष्यात उतरवणे? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे आणि त्याचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांना त्याची किंमतही द्यावी लागली आहे.

नावाआधीची वाट

'ख्रिस्ती' हे नाव येशूने दिलेले नाही. त्याच्या हयातीत ते अस्तित्वातही नव्हते. त्याच्या अनुयायांना हे नाव प्रथम अंत्युखिया नगरात मिळाले, असे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात नमूद आहे. त्यापूर्वी हे लोक स्वतःला शिष्य म्हणवीत आणि त्यांच्या पंथाला नुसते 'मार्ग' असे म्हटले जाई. संपूर्ण नव्या करारात 'ख्रिस्ती' हा शब्द अवघा तीन वेळा येतो. 'शिष्य' हा शब्द मात्र अडीचशेहून अधिक वेळा आलेला आहे. मूळ ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'शिकणारा' असा आहे. आधी चालणे आणि मग नाव, असा हा क्रम आहे. मराठी माणसाला तो अपरिचित वाटू नये. वारी करतो तो वारकरी. केवळ वारकऱ्याच्या घरी जन्मला म्हणून कोणी पंढरीस पोहोचत नाही.

त्या काळच्या यहुदी समाजात ज्ञानेच्छू तरुण सामान्यतः आपला गुरू स्वतः निवडत असे. त्याच्या पायांशी बसून तो धर्मशास्त्र शिके आणि पुढे स्वतःही गुरुपदाला पोहोचे. येशूने दोन्ही गोष्टी बदलल्या. गालील सरोवराच्या काठी जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना त्याने स्वतः हाक मारली. जकातीच्या नाक्यावर बसलेल्या लेवीलाही त्यानेच बोलावले. कोणाचीही परीक्षा घेतली नाही, कोणाचे कुळ विचारले नाही. 'माझ्यामागे या' एवढाच त्या बोलावण्याचा आशय होता. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्या शिष्यांनी पुढे गुरू म्हणवून घेऊ नये, कारण त्यांचा गुरू एकच असून ते सगळे परस्परांचे भाऊ आहेत, असे त्याने बजावले. तात्पर्य, या शाळेत कोणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडत नाही. येथला शिष्य मरेपर्यंत शिष्यच राहतो. ज्याला आपण आता शिकवण्यापुरते झालो असे वाटू लागले, त्याचे शिकणे तेथेच थांबले.

शिकायचे काय, तेही येशूने संदिग्ध ठेवलेले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाच ते सात या अध्यायांत आलेले डोंगरावरील प्रवचन हा त्या शिक्षणाचा गाभा होय. वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. दान करताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये. शत्रूवरही प्रेम करावे. नुसते प्रभूच्या नावाचा जप करणाऱ्यांना देवाच्या राज्यात प्रवेश नाही. देवाची इच्छा पाळणाऱ्यांना आहे. हेच त्याने दोन मुलांच्या दाखल्यातून सांगितले. बापाने मळ्यात कामाला जाण्यास सांगितले तेव्हा एकाने 'नाही' म्हटले, पण मागाहून पस्तावून तो गेला. दुसऱ्याने नम्रपणे 'जातो' म्हटले आणि तो गेलाच नाही. बापाची आज्ञा कोणी पाळली, एवढाच प्रश्न येशूने श्रोत्यांना विचारला.

किंमत आधी मोजा

अनुयायांची संख्या वाढवणे हे ज्याचे ध्येय असेल तो अटी सैल करतो. येशूचे वागणे नेमके याच्या उलट दिसते. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहिले म्हणजे लोक हसतात, असा दाखला त्याने स्वतःच्या मागे येणाऱ्या गर्दीला ऐकवला. एक श्रीमंत मनुष्य धावत त्याच्याकडे आला. लहानपणापासून सर्व आज्ञा पाळणारा असा हा सज्जन होता. येशूला त्याच्याविषयी प्रेम वाटले, असे मार्क मुद्दाम नोंदवतो. परंतु सर्वस्व विकून गोरगरिबांना वाटून टाकण्याची अट ऐकून तो खिन्न मनाने परत फिरला, तेव्हा येशूने त्याला थांबवले नाही. अट अर्धी करून त्याला ठेवूनही घेतले नाही.

येथे एक शंका निघते व ती रास्त आहे. ज्याला पहिल्या तारखेच्या पगारावर घर चालवायचे आहे, मुलांच्या शाळेची फी भरायची आहे, त्या माणसाने अशा उपदेशाचे काय करावे? शिष्यत्व म्हणजे संन्यास असेल, तर ते चारचौघांच्या उपयोगाचे नाही. परंतु शुभवर्तमाने बारकाईने वाचली तर येशूने सर्वांवर एकच अट लादलेली दिसत नाही. खुद्द पेत्र संसारी होता. त्याची सासू तापाने आजारी असता येशूने तिला बरे केल्याची हकीगत आहे. यरीहो नगरातील मुख्य जकातदार जक्कय याने आपली अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे स्वतःहून कबूल केले. येशूने त्याला घरदार सोडायला सांगितले नाही. उलट त्या घराला आज तारण लाभले, असे तो म्हणाला. श्रीमंत माणसाला धन आडवे आले होते, म्हणून त्याला धन सोडायला सांगितले. जक्कयाच्या बाबतीत आडवा आला होता तो लुबाडलेला पैसा, आणि तो त्याने परत केला. ज्याच्या वाटेत जे आडवे येते ते त्याने दूर करावे, असा याचा अर्थ आहे. कचेरीतल्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला जक्कयाची गोष्ट कदाचित कोळ्यांच्या गोष्टीहून जवळची वाटेल.

'दुसऱ्या मैला'चा उपदेशही असाच समजून घेण्याजोगा आहे. रोमन अंमलाखाली शिपाई वाटसरूला वेठीस धरून आपले ओझे वाहायला लावू शकत असे. जो एक मैल न्यायला लावील त्याच्याबरोबर दोन मैल जा, असे येशू सांगतो. वरवर पाहता हा गुलामीचा धडा वाटतो. वस्तुतः पहिला मैल सक्तीचा असतो आणि दुसरा त्या माणसाच्या स्वतःच्या इच्छेचा. पहिल्या मैलात तो वेठबिगार असतो. दुसऱ्या मैलात तो मोकळा माणूस असतो. नेमून दिलेल्या कामापलीकडे, कोणी पाहत नसताना, मागे पडलेल्या विद्यार्थ्यासाठी थांबणारा शिक्षक किंवा अर्ज कसा लिहावा हे न कळणाऱ्या वृद्धेला तो लिहून देणारा कारकून हा दुसरा मैल चालत असतो.

स्वस्त कृपा

अटी सैल झाल्या म्हणजे काय होते, याचे विदारक उदाहरण विसाव्या शतकातील जर्मनीने पाहिले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा तेथील बहुसंख्य जनता बाप्तिस्मा घेतलेली होती. चर्चमध्ये घंटा वाजत होत्या, स्तोत्रे गाइली जात होती. तरीही यहुदी वंशाच्या व्यक्तींना चर्चच्या सेवेतून दूर करण्याचा नियम प्रॉटेस्टंट चर्चमधील एका मोठ्या गटाने उचलून धरला. ज्याच्या नावाने ही उपासना चालत होती तो येशू स्वतः यहुदी होता, याचा त्यांना विसर पडला. दीट्रिख बॉनहोफर हा तरुण धर्मपंडित याविरुद्ध उभा राहिला. सरकारधार्जिण्या चर्चपासून अलग झालेल्या मंडळीसाठी फिंकेनवाल्डे येथे तो धर्मगुरूंचे विद्यालय चालवीत असे. १९३७ साली गेस्टापोने ते बंद केले. त्याच वर्षी त्याचा डोंगरावरील प्रवचनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या जर्मन शीर्षकाचा सरळ अर्थ 'मागे चालणे' असा आहे.

बॉनहोफरने त्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' अशी कल्पना मांडली. देव क्षमा करणाराच आहे, तेव्हा आपण जसे आहोत तसेच राहायला हरकत नाही, ही ती स्वस्त कृपा. तीत पश्चात्ताप नाही, क्रूस नाही आणि चालणेही नाही. चर्चचा खरा शत्रू बाहेरचा नास्तिक नसून ही आतली स्वस्ताई आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. डोंगरावरील प्रवचन प्रत्यक्ष आचरणारा समाज पाहावा म्हणून त्याला भारतात गांधीजींकडे येण्याची ओढ होती. १९३४ साली गांधीजींनी पत्र लिहून त्याला निमंत्रणही दिले. पण तो योग आला नाही. १९३९ साली तो अमेरिकेस सुखरूप पोहोचला होता. मित्रांचा राहण्याचा आग्रह असूनही काही आठवड्यांतच तो मायदेशी परतला, कारण देशबांधवांच्या संकटात वाटा न उचलता संकटानंतरच्या पुनर्रचनेत भाग घेण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही, असे त्याला वाटले. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात तो सामील झाला. शत्रूवर प्रेम करण्याचा उपदेश शिरोधार्य मानणाऱ्याने अशा कटात उतरावे का, हा प्रश्न अवघड आहे. त्या कृत्यातील दोष आपल्या माथी येतो हे त्याने नाकारले नाही. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. दोन आठवड्यांनी अमेरिकी सैन्याने ती छावणी मुक्त केली.

केडगावची शिष्या

अशी किंमत देण्यासाठी हुकूमशहाच समोर असावा लागतो असे नाही. कधी ती आपल्याच माणसांपुढे उभे राहून द्यावी लागते. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनी-संघाने लंडनमध्ये चालवलेले एक आश्रयस्थान त्यांनी पाहिले. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना तेथे मायेने जपले जात होते. ही करुणा कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. यहुदी ज्या शोमरोनी लोकांना कमी लेखीत त्यांच्यातील, आणि स्वतःच्या गावातही मान नसलेल्या त्या स्त्रीकडे येशूने पाणी मागितले आणि तिच्याशी धर्माची अत्यंत गहन चर्चा केली. तो एका स्त्रीशी बोलत आहे हे पाहून परत आलेले शिष्य चकित झाले, असे योहानाने लिहून ठेवले आहे. ज्या परंपरेत स्त्रीला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला गेला होता, त्याच परंपरेत आई-वडिलांनी लोकापवाद सोसून संस्कृत शिकवलेल्या या विदुषीला त्या गोष्टीने किती खोलवर स्पर्श केला असेल, याची कल्पना करता येते.

त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्म्याबरोबर आपली बुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही. धर्ममाता मानलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. तो १९७७ साली ग्रंथरूपाने उपलब्ध झाला आहे. चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून एखादे मत स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते; स्वतः पडताळून सदसद्विवेकाला पटेल तेच त्या स्वीकारीत. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातील दोन बिशपांनी ते अयोग्य ठरवले. रमाबाईंनी या हस्तक्षेपाला ठाम विरोध केला. आज्ञाभंगाचा दोष त्यांच्यावर आला. पण येशूच्या पायांशी बसून ऐकणाऱ्या मरियेला त्याने कधी उठवले नव्हते, हे त्या शुभवर्तमानातच वाचत होत्या. गुरू एकच असेल, तर इतरांचा शब्द तपासून घेणे हा शिष्याचा अपराध ठरत नाही.

स्वदेशी परतल्यावर त्यांना दोन्ही बाजूंनी सोसावे लागले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जात असल्याचा आरोप होऊन १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे आधारस्तंभही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. संस्थेच्या धार्मिक तटस्थतेविषयीचा तो वाद एकतर्फी नव्हता. रानडे-भांडारकरांच्या आक्षेपालाही आधार होता. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने व दलालांच्या जाळ्यात सापडून नाश पावणाऱ्या शेकडो मुलींना घेऊन आल्या, तेव्हा त्यांना जातही आडवी आली नाही आणि अंगावरचे रोगही आडवे आले नाहीत. केडगावच्या माळावर उभ्या राहिलेल्या 'मुक्ती'त या मुली विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या, शेती करू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक भाषा स्वतः शिकून रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद १९२२ मधील त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. शिकणे शेवटपर्यंत थांबवायचे नाही, हा शिष्यत्वाचा अर्थ त्यांनी अक्षरशः खरा केला.

दरबार आणि कुंपण

शुभवर्तमानात एक लहानसा प्रसंग आहे. योहान येऊन येशूला सांगतो की, एक मनुष्य तुमच्या नावाने भुते काढत होता, पण तो आपल्यापैकी नव्हता म्हणून आम्ही त्याला मनाई केली. येशू म्हणतो, त्याला मना करू नका; जो आपल्याविरुद्ध नाही तो आपल्या बाजूचाच आहे. 'आपल्यापैकी' आणि 'आपल्यापैकी नसलेला' अशी कुंपणे घालण्याची शिष्यांची हौस इतकी जुनी आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या कुंपणाला हात घातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी ख्रिस्ती मंडळीने परक्या चालीची आणि परक्या पैशाची सवय सोडून अभंग-कीर्तनातून आपला देव आळवावा, ही त्यांची तळमळ होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य या बंधुसंघात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. वेतन गेले, संस्थेचे छत्र गेले. १९१९ च्या मे महिन्यात टिळकांचे निधन झाले आणि दरबाराची कल्पना त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही. संस्था नको म्हणणे सोपे असते. संस्थेवाचून कार्य टिकवणे अवघड असते. शाळा आणि इस्पितळे संस्थांनीच उभी केली, हेही मान्य केले पाहिजे. तरीही टिळकांनी विचारलेला प्रश्न मागे राहिला. गांधीजींनी विद्यार्थिदशेत लंडनमध्ये डोंगरावरील प्रवचन वाचले आणि आयुष्यभर ते उराशी धरले. बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. दोन मुलांच्या दाखल्यात त्यांची जागा कोणती, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.

पंगतीतला भेद

बाहेरच्या कुंपणापेक्षा आतली कुंपणे अधिक लज्जास्पद असतात. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिण भारतातील चर्चमधून जातिभेद समूळ काढून टाकण्याचा आदेश दिला. उपासनेला बसण्याच्या जागा वेगळ्या, प्रभुभोजनाचा क्रम वेगळा, असे प्रकार तेथे चालत. आदेश निघाल्यावर शेजारी बसण्यापेक्षा चर्च सोडणे अनेकांनी पसंत केले. त्यानंतर जवळजवळ दोन शतके लोटली. २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणासाठी धोरण जाहीर केले आणि चर्चच्या आतही जातिभेद अजून नांदत असल्याची कबुली दिली. कबुली देणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. पण ज्या गुरूने जकातदारांच्या पंगतीला बसून स्वतःची प्रतिष्ठा घालवली, त्याच्या घरात ती कबुली द्यावी लागणे हे दुःखद आहे. जात सोडणे किती कष्टाचे असते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तून कळते. पतीचे धर्मांतर एका दिवसात झाले. लक्ष्मीबाईंच्या मनातली शिवाशीव जायला वर्षे लागली. त्यांनी ती लपवली नाही, आपल्या मनाशी झगडत एकेक पायरी ओलांडली. म्हणूनच त्यांची वाटचाल खरी वाटते.

शेवटचा धडा

शिष्यत्वाच्या या कसोट्या ऐकून कोणाचीही छाती दडपावी. त्यावर शुभवर्तमानांनी दिलासा दिला आहे तो पेत्राच्या कथेतून. आपण प्राण देऊ पण गुरूला सोडणार नाही, अशी शपथ त्याने घेतली आणि त्याच रात्री, कोंबडा आरवण्यापूर्वी, एका दासीच्या प्रश्नाला घाबरून त्याने गुरूची ओळखही नाकारली. मंडळीचा आधारस्तंभ म्हणून पुढे पूजनीय ठरलेल्या माणसाची ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी झाकून ठेवली नाही. शिष्य चुकतो, पडतो. त्याला पुन्हा उभे राहता येते, हे त्यांना सांगायचे होते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित येशू आणि पेत्र यांची गालील सरोवराच्या काठी भेट होते. जेथे जाळी टाकून पेत्र निघाला होता, तेच हे सरोवर. येशू त्याला त्याच्या नकाराबद्दल बोल लावत नाही. 'तुझे माझ्यावर प्रेम आहे काय' असे तीनदा विचारतो आणि तीनही वेळा आपल्या मेंढरांची काळजी वाहायला सांगतो. गुरूवरचे प्रेम पुन्हा दुसऱ्यांच्याच सेवेतून सिद्ध करायचे आहे. पुढे मरण कसे येईल याची सूचना झाल्यावर पेत्र मागे वळून पाहतो. तेथे दुसरा एक शिष्य येत असतो. याचे काय होणार, अशी त्याला चौकशी करावीशी वाटते. येशूचे उत्तर थोडक्यात असे आहे की, त्याचे काय होईल याची उठाठेव तू करू नकोस. तू माझ्यामागे ये.

कोण खरा ख्रिस्ती, कोण नावाचा. कोणाची उपासना शुद्ध, कोणाची अशुद्ध. कोणाचे शिष्य किती वाढले, या साऱ्या चर्चा त्या उत्तरापुढे थांबतात. मोजमाप करायचेच तर ते स्वतःच्या पावलांचे करावे लागते. सरोवराच्या काठी पहिल्या दिवशी पेत्राने जे बोलावणे ऐकले होते, तेच त्याला शेवटच्या भेटीतही ऐकावे लागले. मधल्या काळात तो पुष्कळ शिकला होता, तरी धडा मात्र बदलला नव्हता.